पिकअपचं सस्पेन्शन आणि ॲक्सल ऑफ-रोडसाठी बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं मुख्यतः इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या दोन फोर-बाय-फोर पिकअप डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. दोन्हींची मांडणी सारखीच आहे: पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आडवा भाग) आणि पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), खाली शिडीसारखी चेसी (गाडीचा सांगाडा). टॉर्कचे (नट-बोल्ट किती जोराने आवळायचे त्याचे) नेमके आकडे मात्र आपापल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

सुरुवात लिफ्ट किटपासून (गाडी उंच करणाऱ्या भागांच्या संचापासून) करावी ना?

नाही. आधी गाडी कुठे आणि कशामुळे अडते ते बघा. एक चाक हवेत गरागरा फिरतंय आणि बाकीची ढिम्म, तर दुखणं डिफरेन्शियलचं, म्हणजे जोर दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचं आहे. चारही चाकं फिरतात पण गाडी जागची हलत नाही, तर दुखणं टायरचं किंवा त्यातल्या हवेचं. चाकोरीमधल्या उंचवट्यावर पोट टेकलं, तरच उंचीचा विषय येतो. आमचा क्रम असा: हवा, टायर, मागचा लॉकर (डिफरेन्शियलमध्ये दोन्ही चाकं एकत्र बांधणारा भाग), पोटाखालचे संरक्षक पत्रे, आणि शेवटी उंची. बहुतेक जण हा क्रम नेमका उलटा लावतात, कारण उंची फोटोत दिसते आणि लॉकर दिसत नाही.

हवा किती ठेवायची?

कोकणातल्या तांबड्या चिखलात आणि सह्याद्रीतल्या दगडगोट्यांवर १८ ते २० पीएसआय. मोकळ्या वाळूत १५-१६. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायरची कड रिमवरून सुटते. हवा कमी असताना वेग ताशी ३०-४० किमीच्या आत ठेवा आणि डांबर लागलं की हवा भरा. कमी हवेत महामार्गावर पळवलं तर टायरची बाजू तापते आणि आतून कापडी थर सुटतात. हे नुकसान बाहेरून दिसत नाही. पंप आणि प्रेशर गेज सोबत नसेल तर हवा काढूच नका.

देशावरची काळी माती हा वेगळाच प्रकार आहे. पावसात ती ऑल-टेरेन टायरच्या खाचांत घट्ट भरते आणि चाक गुळगुळीत होतं. तिथे हवा कमी करून फार फरक पडत नाही. रुंद खाचांचा मड-टेरेन टायर आणि माती उडवून टाकण्याइतका चाकाचा वेग, या दोन्ही गोष्टी लागतात.

५० मिमीची लिफ्ट लावली की ग्राउंड क्लिअरन्स ५० मिमीने वाढतो का?

चेसीचा वाढतो, मागच्या ॲक्सलचा नाही. डिफरेन्शियलचं हाऊसिंग (बाहेरचं कवच) चाकांनाच जोडलेलं असतं. पाटे कितीही उंच करा, ते जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहतं. ते वर उचलण्याचा एकच मार्ग म्हणजे मोठा टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्माच फायदा देतो.

हिशोब करून बघू. २५५/६० आर१८ चा व्यास सुमारे ७६३ मिमी. २६५/७० आर१७ चा सुमारे ८०३. फरक ४० मिमीचा, म्हणजे हाऊसिंगखाली २० मिमी जास्त. खडकाळ वाटेवर हे २० मिमी चेसीच्या ५० मिमीपेक्षा अनेकदा जास्त उपयोगी पडतात. याच टायरमुळे स्पीडोमीटर सुमारे ५ टक्के कमी वेग दाखवू लागतो, म्हणजे काट्यावर १०० असताना गाडी १०५ ने पळत असते.

मग उंची वाढवून मिळतं काय?

मधलं पोट वाचतं. हायलक्सचा व्हीलबेस ३०८५ मिमी आहे, व्ही-क्रॉसचा ३०९५. इतकी लांब गाडी बांधावर चढली की आधी मध्येच टेकते. ५० मिमी लिफ्टने मधला कोन साडेतीन-पावणेचार अंशांनी सुधारतो. पुढचा बंपर आणि मागचा लोंबता भागही थोडा वर जातो. मोठ्या टायरला वर-खाली हलायला जागा मिळते.

बदल्यात गुरुत्वमध्य वर जातो. समजा चाकांमधलं अंतर १५४० मिमी आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिमी आहे. कागदावर गाडी ४७-४८ अंशांच्या आडव्या उतारावर उलटेल. तोच ७५० झाला की हा कोन ४६ च्या खाली येतो. प्रत्यक्षात स्प्रिंग एका बाजूला दबतात, टपावर सामान असतं, त्यामुळे खरा आकडा बराच कमी असतो. या मांडणीत ४० ते ५० मिमी ही शहाणपणाची मर्यादा आहे. त्यापुढचा प्रत्येक सेंटीमीटर कुठल्या ना कुठल्या सांध्याच्या आयुष्यातून वजा होतो.

पुढच्या स्ट्रटवर (कॉइल आणि शॉकॲब्सॉर्बरच्या जोडीवर) स्वस्तातला स्पेसर (उंची वाढवणारी चकती) टाकला तर?

उंची मिळेल. स्ट्रट खालच्या आर्मच्या साधारण मधोमध बसतो, म्हणून २५ मिमीचा स्पेसर चाकाजवळ जवळपास ५० मिमी उंची देतो. पण स्ट्रटच्या वर बसवलेला स्पेसर अख्खा शॉकॲब्सॉर्बर खाली ढकलतो आणि त्याचे दोन परिणाम होतात. चाक पूर्ण लोंबलं की आर्म मूळ मर्यादेच्याही खाली जातो आणि वरचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला गोल सांधा) व सीव्ही जॉइंट (वळत्या चाकाला जोर पोचवणारा सांधा) ताणले जातात. चाक पूर्ण दबलं की बंपस्टॉपचं (हालचालीच्या शेवटी धक्का झेलणारं) रबर टेकायच्या आतच शॉकॲब्सॉर्बरचा पिस्टन आतून तळाला आपटतो. काही महिन्यांत सील जातं आणि नळीवर तेलाचा ओघळ दिसू लागतो.

स्प्रिंगच्या वर, स्ट्रटच्या आत टाकलेला स्पेसर हे करत नाही. पण तो स्प्रिंग आधीच दाबून ठेवतो, त्यामुळे चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही आणि स्पीडब्रेकर उतरताना वर ‘टक्’ असा आवाज येतो. योग्य उपाय म्हणजे वजनाला साजेशी नवी कॉइल आणि तिच्या मापाचा शॉकॲब्सॉर्बर, जोडीनेच. पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) आणि लोखंडी बंपर बसवणार असाल तर ते वजन स्प्रिंग घेण्याआधी सांगा, नाहीतर ५० मिमीच्या किटमधून हातात २५-३० च राहतात.

स्ट्रट उघडताना कॉइल कंप्रेसर लावल्याशिवाय मधला नट हलवू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

सीव्ही जॉइंट, वरचा आर्म, डिफ-ड्रॉप (पुढचा डिफरेन्शियल खाली घेणं): काय काय बदलावं लागतं?

४० मिमीपर्यंत सहसा फक्त अलाइनमेंट पुरते. ५० च्या आसपास कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) घटतो, स्टिअरिंग हलकं लागतं आणि ताशी ८० च्या पुढे गाडी भरकटते. मूळ आर्मवरच्या कॅमच्या बोल्टांनी कॅस्टर जागेवर येत नसेल, तर दुरुस्त कोनाचे वरचे आर्म बसवावेत. त्यांच्यामुळे बॉल जॉइंटचा कोनही सुधारतो. चाक पूर्ण लोंबवून वरचा आर्म कॉइलला घासतो का, हे हाताने चाचपून बघा. घासत असेल तर कॉइलच्या रंगावर चकाकता ओरखडा दिसतो.

सीव्हीची पहिली तक्रार रिमच्या आतल्या बाजूला कळते: काळ्या ग्रीसचा बारीक फवारा. त्याचा अर्थ, बूटच्या (जॉइंटवरच्या रबरी आवरणाच्या) घड्या एकमेकींवर घासून फाटल्या आहेत. लगेच बूट बदलला तर जॉइंट वाचतो. धूळ आत गेली की पूर्ण वळणावर कट-कट सुरू होते आणि मग जॉइंटच जातो. पुढचा डिफरेन्शियल २०-२५ मिमी खाली घेणारे स्पेसर हा कोन कमी करतात, पण तेवढाच क्लिअरन्स खातात. ५० मिमीच्या आत आम्ही ते लावत नाही.

मागे काय करायचं? जादा पाटा, लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी झुलती पट्टी), ब्लॉक की नवा सेट?

पिकअपचे पाटे माल वाहण्यासाठी बनवलेले असतात. हौदा रिकामा असताना म्हणूनच मागचा भाग नाचतो. अशा गाडीत जादा पाटा टाकला तर उंची येते, पण मागचं अजून कडक होतं, चाक खड्ड्यात उतरत नाही आणि पकड उलट कमी होते. कायम दीड-दोनशे किलोचं सामान हौद्यात असेल तरच जादा पाट्याला अर्थ आहे.

लांब शॅकल वाढीव लांबीच्या निम्मी उंची देतो: ५० मिमी लांब शॅकल, २५ मिमी उंची. शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला असल्याने पाटा तिरका होतो आणि पिनियनचं (डिफरेन्शियलमध्ये जोर आणणाऱ्या छोट्या गिअरचं) तोंड वर वळतं. थोडं चालतं, जास्त झालं की प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या ॲक्सलपर्यंत जोर नेणारा लांब दांडा) थरथरतो. शिवाय लांब शॅकल आडवा हलतो, वळणावर मागचा भाग उशिरा वळतो.

ॲक्सल आणि पाट्याच्या मधला ब्लॉक मागे एकच, ओतीव किंवा भरीव लोखंडाचा, आणि फार तर ५० मिमीचा. ब्लॉकवर ब्लॉक कधीच नाही. पुढे तर मुळीच नाही. ब्लॉकमुळे ॲक्सलला पाटा मुरडायला जास्त लांब तरफ मिळते, आणि चढावर जोर दिला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे लांब, पातळ, जास्त संख्येच्या पाट्यांचा नवा सेट, टोकांना घर्षण कमी करणाऱ्या पट्ट्या असलेला. बसवताना पाळायच्या गोष्टी:

- आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारा.
- चेसी घोडीवर (लोखंडी आधारावर) ठेवा, ॲक्सल वेगळ्या जॅकवर. एका वेळी एकच बाजू सोडा, नाहीतर ॲक्सल फिरतो.
- पाट्यांच्या मधल्या बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे. अर्धवट बसलेलं डोकं यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे वाकडे बोल्ट) आवळताना छाटलं जातं आणि ॲक्सल मागे-पुढे सरकतो.
- यू-बोल्ट नवेच वापरा. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तसा धरत नाही. आवळताना फुलीच्या क्रमाने, थोडं थोडं.
- पाट्याच्या टोकांच्या डोळ्यांचे (गोल कड्यांचे) आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळा.

शेवटचा मुद्दा सर्वाधिक वेळा चुकतो. ॲक्सल लोंबत असताना बुश (डोळ्यांतली रबरी नळकांडी) आवळले तर रबर त्या स्थितीत जखडतं, गाडी खाली आली की पिळवटतं आणि दोन पावसाळ्यांत फाटतं. मग दोष किटला दिला जातो.

शॉकॲब्सॉर्बरची लांबी कशी ठरवायची?

कॅटलॉगवरून नव्हे, मोजून. मागे: शॉकॲब्सॉर्बर काढा, ॲक्सल बंपस्टॉप दबेपर्यंत वर न्या आणि दोन्ही माउंटांमधलं अंतर मोजा. नवा शॉकॲब्सॉर्बर पूर्ण दबलेला असताना यापेक्षा किमान १०-१५ मिमी आखूड हवा. मग ॲक्सल पूर्ण लोंबवा आणि पुन्हा मोजा. लांबी या दोन मापांत बसवायची.

बसवल्यावर नळीच्या चकचकीत दांड्यावर एक केबल टाय घट्ट बांधा आणि तळाशी सरकवून ठेवा. खडबडीत वाटेवरून आल्यावर तो जिथे सरकलेला असेल तिथपर्यंत शॉकॲब्सॉर्बर दबला होता. टाय अगदी टोकाला पोचला असेल तर बंपस्टॉप वाढवा. दोन रुपयांचं हे साधन महागड्या अंदाजांपेक्षा खरं बोलतं.

सततच्या खडखडाटी रस्त्यावर साधी ट्विन-ट्यूब (दोन नळ्यांचा शॉकॲब्सॉर्बर) तापून तेलाला फेस येतो आणि गाडी तरंगू लागते. मोनोट्यूब (एकाच नळीचा) लवकर थंड होते, पण तिच्या नळीला दगडाचा पोचा पडला तर पिस्टन अडकतो. वेगळ्या टाकीचे शॉकॲब्सॉर्बर लांब, वेगवान, वजनदार प्रवासासाठी. सह्याद्रीतल्या संथ, दगडी वाटांना त्यांची गरज नसते.

लिफ्टनंतर गाडी सुटताना खालून थरथर येते. का?

या पिकअपचा मागचा प्रॉपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, मध्ये सेंटर बेअरिंग. मागचा भाग वर गेला की मागच्या तुकड्याचा कोन वाढतो. सेंटर बेअरिंगखाली १० ते २० मिमीचे स्पेसर टाकून तो वाटून घेता येतो. तरीही थरथर राहिली तर डिजिटल अँगल गेजने पिनियनचा आणि पुढच्या शाफ्टचा कोन मोजा. फरक एका अंशाच्या आत आणण्यासाठी पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर घालावी लागते. थरथर वेगाबरोबर वाढत असेल तर आधी क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि शाफ्टचं बॅलन्सिंग तपासा.

ब्रेकवर काही परिणाम?

होतो, आणि इथे आळस परवडत नाही. ॲक्सल पूर्ण लोंबवून ब्रेकच्या नळ्या, एबीएसच्या तारा आणि हँडब्रेकची केबल बघा. एकही ताणलेली दिसता कामा नये. काही पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चेसीपर्यंत दांडी असलेला, भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उचलली की त्याला हौदा रिकामा आहे असं वाटतं आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. लिफ्टइतकाच त्याचा ब्रॅकेटही वर घ्यायचा. हेडलाइटही खाली जुळवून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

लॉकर खरंच लागतो का? ट्रॅक्शन कंट्रोल आहे की.

साधा डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. हवेतल्या चाकाला फिरायला जेवढा थोडा जोर लागतो, तेवढाच जमिनीवरच्या चाकाला मिळतो. ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून हा जोर वाढवतं, पण त्यासाठी आधी चाक फिरावं लागतं. ओल्या खडकावर तेवढ्यात गाडी बाजूला घसरलेली असते. लॉकर आधीच दोन्ही चाकं एकत्र बांधतो. हायलक्सला मागे तो कारखान्यातूनच येतो.

बाहेरून बसवायचा असेल तर खरं कौशल्य लॉकरमध्ये नाही, क्राउन-पिनियनच्या (डिफरेन्शियलमधल्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीच्या) जुळवणीत आहे. केस बदलला की शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) नव्याने लावाव्या लागतात. डायल गेजने बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) मोजा. या आकाराच्या डिफरेन्शियलमध्ये तो साधारण ०.१३ ते ०.१८ मिमी असतो, पण अंतिम शब्द मॅन्युअलचा. दातांना रंग लावून ठसा बघा, तो दाताच्या मधोमध उमटला पाहिजे. बॅकलॅश कमी पडला तर हाऊसिंग तापतं आणि घुमतं, जास्त झाला तर ॲक्सिलरेटर सोडताना ‘धप्’ वाजतं. एअर लॉकरची हवेची नळी सायलेन्सरपासून लांब न्या. ती वितळली की लॉकर ऐन चढावर सुटतो.

वापर: अडथळ्याच्या आधी, चाकं थांबलेली असताना लावा. टणक जमिनीवर वळण घ्यायच्या आधी काढा.

ॲक्सल नेमका कुठे तुटतो?

पुढे, जवळपास नेहमी सीव्हीवर, आणि ठरलेल्या क्षणी: स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, टायर दगडामागे अडकलेला, ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतोय. लोंबणारं चाक गरागरा फिरत असताना अचानक खडकाला लागलं तरीही. स्टिअरिंग सरळ करून, फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या संथ गिअरमध्ये), संथ जोर दिला तर मूळ सीव्ही वर्षानुवर्षं टिकतात. पुढे लॉकर लावला की सगळा जोर एकाच सीव्हीवर येऊ शकतो, म्हणून तो अगदी शेवटी.

मागे शाफ्ट क्वचितच तुटतो. वाकतं ते हाऊसिंग. जड हौदा घेऊन वेगाने खड्डे मारल्यावर नळ्या मधून खाली वाकतात, टायर आतून झिजू लागतात आणि तेलाचं सील सारखं गळतं. सील तीनदा बदलूनही गळत असेल तर हाऊसिंगची सरळ रेषा मोजा.

मोठ्या टायरसाठी क्राउन-पिनियनचं गुणोत्तर बदलावं का?

५ टक्क्यांपर्यंत गरज नाही. सूत्र सोपं आहे: जुनं गुणोत्तर गुणिले नवा व्यास, भागिले जुना व्यास. ४.१० च्या गाडीत ७७५ चा टायर काढून ८३१ चा घातला तर ४.४० च्या आसपासचा सेट लागेल. बदलाल तर पुढचं आणि मागचं दोन्ही. दोन्हींत फरक राहिला तर फोर-व्हील टाकताच ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी) स्वतःशीच भांडतो.

ओढा पार केल्यावर डिफरेन्शियलचं तेल दुधाळ का होतं?

तापलेलं हाऊसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदरची (हाऊसिंगमध्ये हवा ये-जा करू देणारी) नळी लांब करून टेललॅम्पच्या उंचीपर्यंत न्या, टोकाला छोटा फिल्टर लावा. तासाभराचं काम. तेल चहासारखं दिसलं तर त्याच आठवड्यात बदला.

मागे एअरबॅग टाकून जास्त सामान नेता येईल?

मागचं बसणं थांबेल, पण चेसीची ताकद वाढत नाही. पाटा वजन दोन टोकांवर वाटतो, एअरबॅग ते ॲक्सलच्या वर एका बिंदूवर देते. हौद्याच्या अगदी मागे वजन आणि खाली फुगवलेली बॅग असली की चेसी केबिनच्या मागे वाकते.

पुढे पण अखंड ॲक्सल बसवता येतो का?

मारुती जिप्सी किंवा महिंद्रा एमएम ५४० मध्ये तो मुळातच असतो, तिथे पाटे ॲक्सलच्या वर घेऊन सुमारे १२५ मिमी उंची मिळते. व्ही-क्रॉस-हायलक्समध्ये हे म्हणजे नवी गाडी बांधण्यासारखं आहे: स्टिअरिंग, चेसीचे ब्रॅकेट, ब्रेक, एबीएस सगळं बदलतं. करू नका.

रुंद रिम, व्हील स्पेसर?

दोन्ही गाड्यांना सहा नट आणि १३९.७ मिमीचा पीसीडी (नट बसतात त्या वर्तुळाचा व्यास) असतो, त्यामुळे रिम सहज सापडतात. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा भार वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंगला हिसका बसतो. मूळ ऑफसेटपासून (रिमचा मध्य आणि नटांची बैठक यांतल्या अंतरापासून) १५-२० मिमीपेक्षा बाहेर नको. स्पेसर मात्र नकोच.

हे सगळं कायद्यात बसतं का?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल मना करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातात विमा कंपनी दावा नाकारू शकते ते वेगळंच. कंपनीने त्याच मॉडेलला मान्य केलेल्या मापाचा टायर, मूळ उंचीचा पण चांगल्या प्रतीचा शॉकॲब्सॉर्बर, लांब केलेला ब्रीदर यांत सहसा अडचण येत नाही. बाकीचं करण्याआधी आरटीओत लेखी विचारा. फक्त बंदिस्त खासगी ट्रॅकवर चालवायची गाडी ट्रेलरवरून नेणं, हाही एक मार्ग आहे.

काम झाल्यावर पहिल्या १००० किमीत काय बघायचं?

१०० किमीवर यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा, ५०० वर परत. यू-बोल्ट पहिल्यांदा हमखास पाव फेरा घेतात. नटांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की नट हलला. अलाइनमेंट दोनदा करावी लागते, लगेच आणि स्प्रिंग बसल्यावर, आणि दोन्ही वेळचे कॅस्टर-कॅम्बर-टोचे (चाकांच्या तिन्ही कोनांचे) छापील आकडे जपून ठेवा. क्राउन-पिनियन नवा असेल तर पहिल्या २०-३० किमीनंतर गाडी थांबवून पूर्ण थंड होऊ द्या, ८०० किमीवर तेल बदला आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय ते बोटांत चोळून बघा. राखेसारखी काळी पेस्ट चालते. बोटाला टोचणारी कणी लागली तर गाडी पुढे न्यायची नाही, हाऊसिंग उघडायचं.